हवेचे माप : थळ घाटापासून घरच्या शेडपर्यंत

आजचा विषय ऐकून काही मंडळींनी आम्हाला आधीच हटकले. तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात गेली, आता सत्तरीनंतर हे कॉम्प्रेसरचे काय काढले? प्रश्न रास्त आहे. उत्तरही सोपे आहे. दिंडोरीतून कुठल्याही रस्त्याने निघा, पालखेडकडे जा, वणीकडे जा, नाशिककडे जा. घराच्या बाजूला पत्र्याची एखादी शेड दिसतेच. कुठे ट्रॅक्टरची किरकोळ कामे, कुठे पंक्चर, कुठे गेट-ग्रिल आणि त्यांचे रंगकाम, कुठे नुसती हौसेची हत्यारे. आयटीआय करून आलेला मुलगा असो, सातपूर-अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झालेला कामगार असो, की आपला ट्रॅक्टर आपणच सांभाळणारा बागायतदार असो. वेल्डिंग मशीन आणि ग्राइंडर घेऊन झाले की पुढची मोठी खरेदी असते ती हवेच्या कॉम्प्रेसरची. आणि पैसे अडकतात ते इथेच.

द्राक्षाचा पैसा वर्षातून एकदा येतो, पगारातली बचत हळूहळू साठते, आणि कर्जाचा हप्ता मात्र दर महिन्याला दारात उभा राहतो. कॉम्प्रेसर छोटा घेतला आणि रंगाच्या गनला हवा पुरली नाही, तर तो कोपऱ्यात जातो. मोठा घेतला आणि घरच्या विजेवर मोटर उठली नाही, तरी तो कोपऱ्यातच जातो. परवडणे म्हणजे स्वस्त मिळणे नव्हे. जे कोपऱ्यात पडून राहत नाही, ते परवडले.

आमचे म्हणणे आधी एका वाक्यात सांगतो. हवा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून पाटीवर लिहिलेले खरे मानण्याची आपल्याला सवय लागते. पण हवा मोजता येते, आणि ती मोजायला माणूस कसा शिकला हाच कॉम्प्रेसरचा इतिहास आहे. तो इतिहास समजला की दुकानात काय विचारायचे तेही समजते.

आता सुरुवात आमच्या घरच्या शास्त्रापासून. आपल्याकडे वैशेषिकांनी पदार्थांची मोजदाद केली तेव्हा वायूला द्रव्यांमध्ये जागा दिली. त्याला रूप नाही, पण स्पर्श आहे, असे त्याचे लक्षण केले. मग वाद सुरू झाला. वायू आपल्याला प्रत्यक्ष कळतो, की स्पर्शावरून आपण त्याचे अनुमान करतो? जुने लोक म्हणाले, अनुमान. पुढच्या नव्य नैयायिकांपैकी काही म्हणाले, नाही, त्वचेला तो प्रत्यक्षच कळतो. हा वाद वर्गात शिकवताना मुलांना पोकळ वाटायचा. पण बघा, कॉम्प्रेसर घेताना आपण नेमके इथेच उभे असतो. हवा बाहेर येते हे हाताला कळते. किती येते, ते हाताला कळत नाही. त्यासाठी अनुमान लागते, आणि अनुमानाला माप लागते. माप नसले की तिसरे प्रमाण उरते, ते म्हणजे शब्द. दुकानदाराचा शब्द, नाहीतर पाटीवरचा शब्द.

हवा दाबून वापरणे तसे जुनेच. लोहाराचा भाता हा आपला पहिला कॉम्प्रेसर. भाता दाबला की हवा, सोडला की हवा बंद. म्हणून दोन भाते जोडीने चालवायचे, एक भरतो तेव्हा दुसरा सोडतो. पण भात्याला साठा नव्हता आणि दाबही फार थोडा. निखारे फुलवायला तेवढा पुरे.

साठ्याचा आणि दाबाचा हिशेब सुरू झाला सतराव्या शतकात. जर्मनीत माग्डेबुर्ग शहराच्या ओटो फॉन गेरिके यांनी हवा काढून घेण्याचा पंप बनवला. धातूचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली, तर दोन्ही बाजूंनी घोडे जुंपूनही ते सुटेनात. लोकांनी तोंडात बोटे घातली. आपल्या भोवतीची हवा केवढ्या जोराने दाबते हे त्या दिवशी डोळ्यांना दिसले. पुढे इंग्लंडमध्ये रॉबर्ट बॉइल यांनी रॉबर्ट हूक यांच्याकडून आणखी चांगला पंप करून घेतला, आणि १६६२ मध्ये नियम मांडला. तापमान तेच ठेवले तर दाब दुप्पट केला की हवेचे आकारमान निम्मे होते. शाळेत आपण सगळ्यांनी हा नियम पाठ केला आणि परीक्षेनंतर सोडून दिला. आज तो परत लागणार आहे.

या बॉइल महाशयांशी वाद घातला तो एका तत्त्वज्ञाने, टॉमस हॉब्जने. हॉब्जचे म्हणणे, तुमचा पंप गळतो, आणि गळक्या पंपावर सिद्धांत उभा राहत नाही. पंप गळत होता, हे खरेच होते. पण बॉइलचा मार्ग असा की गळती असली तर तीही मोजा, प्रयोग चार लोकांसमोर करा, आणि मग बोला. हॉब्जला वाटे, आधी व्याख्या पक्की करा, मग पंपाची गरजच काय! आम्ही तत्त्वज्ञानवाले, आमची ओढ साहजिकच हॉब्जकडे असायची. पण कॉम्प्रेसरच्या दुकानात बॉइलच उपयोगी पडतो. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी असा पंप सगळ्या युरोपात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकाच होता. बॉइल हा बड्या सरदाराचा मुलगा, म्हणून त्याला तो परवडला. हवा मोजणे ही श्रीमंताची चैन होती. ती शेडपर्यंत यायला तीनशे वर्षे लागली.

मधली पायरी आपल्या नाशिकच्या वाटेवरच आहे. मुंबईहून येताना कसारा सोडला की गाडी थळ घाट चढते आणि इगतपुरीला येते. ही चढण १८६५ साली वाहतुकीला खुली झाली. त्याआधी दोन वर्षे, १८६३ मध्ये, पुण्याच्या वाटेवरचा बोरघाट सुरू झाला होता. दोन्ही घाट काळ्या कातळातले. बोगदे खोदले गेले ते पहार, घण आणि बंदुकीची दारू यांच्या जोरावर. एकाने पहार धरायची, दुसऱ्याने घण घालायचा, प्रत्येक घावानंतर पहार थोडी फिरवायची. भोक पुरेसे खोल झाले की दारू ठासायची. बोरघाटाच्या कामावर ऐन हंगामात चाळीस हजारांच्या वर माणसे होती. पटकी, ताप, दरडी आणि सुरुंग यांनी माणसे हजारोंनी गेली. त्यांच्या नावाची पाटी कुठे नाही.

त्याच सुमारास युरोपात आल्प्स पर्वताखाली फ्रान्स आणि इटली यांना जोडणारा मों सेनीचा बोगदा चालू होता. काम १८५७ मध्ये सुरू झाले. लांबी बारा किलोमीटरहून जास्त. मधे डोंगर इतका उंच की वरून विहिरीसारखे खड्डे घेऊन आत हवा सोडणे अशक्य. जेर्मां सोमेइये या इंजिनिअरने युक्ती काढली. डोंगरातल्या पाण्याच्या जोरावर हवा दाबायची, ती नळाने आत न्यायची आणि तिच्यावर छिद्रे पाडणारी यंत्रे चालवायची. १८६१ पासून ही यंत्रे कामाला लागली. वापरून सुटलेली हवा बोगद्यातल्या कामगारांना श्वासाला मिळे, हा आणखी एक फायदा. वाफेचे इंजिन आत नेले असते तर धुराने माणसे गुदमरली असती. १८७१ मध्ये बोगदा सुरू झाला, अंदाजापेक्षा कितीतरी आधी.

मग आपल्या घाटात ही यंत्रे का आली नाहीत? एक तर ती नुकतीच जन्मली होती. पण त्याहून कठोर कारण असे की इथे माणूस यंत्रापेक्षा स्वस्त होता. 'परवडते' हा शब्द आपण सहज वापरतो. काय परवडते हे नेहमी कशाची किंमत किती धरली त्यावर ठरते. घाटात माणसाच्या जिवाची किंमत धरलीच नव्हती, म्हणून घण परवडला. हे विसरू नका. शेडमधल्या हिशेबात शेवटी आपण इथेच परत येणार आहोत.

पुढचा टप्पा पॅरिसचा, आणि तो घरच्या शेडच्या फार जवळचा आहे. १८८० च्या दशकात तिथे व्हिक्टर पॉप यांच्या कंपनीने रस्त्यांखालून दाबलेल्या हवेचे नळ टाकले. सुरुवात झाली होती शहरातली घड्याळे हवेच्या ठोक्यावर चालवण्यापासून. मग लक्षात आले की ही हवा छोट्या कारागिराला विकता येईल. शिंप्याचे यंत्र, दाताच्या डॉक्टरचे हत्यार, छोटा छापखाना, छोटा लेथ हे सगळे नळाच्या हवेवर चालू लागले. आपल्याकडे पाण्याचा नळ असतो ना, तसा हवेचा नळ आणि वापराप्रमाणे बिल. ही व्यवस्था शंभर वर्षांहून जास्त टिकली. जर्मनीत फ्रान्झ रॉयलो नावाचे यंत्रशास्त्राचे प्राध्यापक त्याच काळात सांगत होते, की वाफेचे मोठे इंजिन फक्त भांडवलदाराला परवडते, म्हणून कारागीर कारखान्यात ओढला जातो. शक्तीचे छोटे, स्वस्त यंत्र त्याच्या घरी पोचले तर तो आपल्या दारात स्वतंत्र राहील. दिंडोरीच्या शेडमधल्या मुलाचे स्वप्न याहून काय वेगळे आहे?

आता महाराष्ट्र. १८८८ हे वर्ष घ्या. आयर्लंडमध्ये डनलॉप यांनी हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, आणि किर्लोस्कर मंडळी आपल्या उद्योगाचा आरंभ ज्या बेळगावच्या सायकल दुकानापासून मोजतात, तेही याच वर्षीचे. योगायोग म्हणा. पण हवा सामान्य माणसाच्या व्यवहारात शिरली ती सायकलच्या टायरमधूनच. हातपंप हा घराघरातला पहिला कॉम्प्रेसर. पुढे मोटारी आल्या, गॅरेजे आली, पेट्रोल पंपावर हवा भरण्याची सोय आली. इंगरसोल रँड ही अमेरिकन कंपनी १९२१ पासून भारतात होती. स्वातंत्र्यानंतर १९५८ मध्ये पुण्यात किर्लोस्कर न्यूमॅटिक निघाली. १९६० मध्ये स्वीडनची अ‍ॅटलास कॉप्को पुण्यात आली, आणि त्याच वर्षी कोइमतूरला एल्जी सुरू झाली. कोयनेच्या डोंगरात भुयारी वीजघर कोरले जात होते ते याच काळात. धरणे, बोगदे, खाणी, कारखाने या सगळ्यांना दाबलेली हवा हवी होती. आपल्या जवळ ओझरला १९६४ मध्ये विमानांचा कारखाना आला. विमानाच्या पत्र्याला हजारो रिव्हेट लागतात, आणि ते मारणारी हातोडी हवेवर चालते.

खेड्यात ही हवा वेगळ्या वाटेने आली. आपली विहीर म्हणजे पाच-दहा हात माती-मुरूम आणि खाली काळा पाषाण. पूर्वी वडार समाजातले कसबी लोक पहार-घणाने सुरुंगाची भोके पाडत. मग ट्रॅक्टरला जोडलेला कॉम्प्रेसर आला, रबरी नळीला जोडलेली ड्रिल आली, आणि विहिरीच्या तळातून तो धडधडाट ऐकू येऊ लागला. १९७२ च्या दुष्काळानंतर बोअरच्या गाड्या गावोगावी फिरल्या. त्यांच्या मागे शेकडो सीएफएम हवा देणारा कॉम्प्रेसर असतो. तो खाली खडक फोडतो आणि फोडलेला भुगा वर फुंकतो. सांगायचे ते असे, की थळ घाटात जे आले नाही ते शंभर वर्षांनी आपल्या विहिरीत आले. आणि मग त्याचे धाकटे भावंड शेडमध्ये आले.

इतका इतिहास झाला. आता दुकानात जाऊ.

पहिला धडा बॉइलचा. कॉम्प्रेसरला दोन अंगे असतात, पंप आणि टाकी. पंप ही कमाई, टाकी ही बचत. लोक टाकी बघून भाळतात, कारण ती दिसते. समजा ५० लिटरची टाकी ८ किलो दाबाला भरली. किलो म्हणजे आपण गॅरेजात म्हणतो तो, चौरस सेंटिमीटरवरचा. रंगाच्या गनला काम करायला टाकीत निदान ५ किलो हवा राहावी असे धरू. म्हणजे वापरायला ३ किलो. ५० गुणिले ३, १५० लिटर मोकळी हवा. इतकीच बचत. साधी मोठी रंगाची गन मिनिटाला सुमारे १० सीएफएम, म्हणजे २८३ लिटर हवा खाते. आपला पंप खरोखर ४ सीएफएम, म्हणजे ११३ लिटर देतो असे धरा. दर मिनिटाला तूट १७० लिटरची. १५० लिटरची बचत एका मिनिटाच्या आत संपली! गेटचा एक पल्लाही रंगून होत नाही. टाकी २०० लिटरची घेतली तर साडेतीन मिनिटे मिळतील, पण नंतर ती भरायला पाच मिनिटांहून जास्त थांबावे लागेल. कमाई न वाढवता नुसते बचतीचे डबे मोठे केले, तर घर चालत नाही. कॉम्प्रेसरही नाही.

म्हणून आधी आपली कामे लिहून काढा. टायरमध्ये हवा भरणे, फिल्टर आणि रेडिएटर फुंकणे, एवढेच असेल तर एक ते दीड एच.पी.चा छोटा कॉम्प्रेसर भरपूर झाला. ट्रॅक्टरच्या मागच्या टायरचे पोट अडीचशे लिटर धरले आणि १ किलो हवा भरायची असली, तर ३ सीएफएमचा पंप तीन मिनिटांत काम करतो. तीन मिनिटे थांबल्याने काही बिघडत नाही. नट खोलायची हवेची गन थांबून थांबून चालते, तिला सरासरी पाच सीएफएम पुरतात, तिथे टाकी उपयोगी. पण रंगकाम आणि हवेवरचा सँडर ही सतत हवा खाणारी कामे. त्यांना टाकी नव्हे, पंप लागतो. आणि इथे एक स्वस्त तोडगा आहे. कॉम्प्रेसर मोठा करण्याऐवजी गन छोटी घ्या. कमी हवेवर चालणारी, बारीक नोझलची गन दोन एच.पी.च्या पंपावरही ग्रिलचे काम नीट करते.

आणखी एक विचारा, की हवा लागतेच का? वीज वापरून हवा दाबायची, ती तापते, ती उष्णता वाया जाते, नळीत गळती होते, आणि शेवटी हत्याराच्या टोकाला मूळ विजेचा दहावा-सातवा हिस्सा पोचतो. भोक पाडणे, घासणे, नट खोलणे ही कामे सरळ विजेच्या किंवा बॅटरीच्या हत्याराने होत असतील तर हवेचा आडमार्ग कशाला? हवा ठेवावी ती भरायला, फुंकायला आणि फवारायला. कारखान्यात हवा सर्रास वापरतात म्हणून घरी तीच प्रथा चालवायची असे नाही. इतके ठरले तरी खरेदी निम्मी होते.

दुसरा धडा पाटीचा. पाटीवर 'सीएफएम' लिहिलेले असते. विचारा, हा पिस्टनच्या आकारावरून काढलेला आकडा आहे, की बाहेर मिळणाऱ्या मोकळ्या हवेचा? छोट्या पिस्टन पंपात पहिल्याच्या साधारण दोनतृतीयांश दुसरा निघतो. पाटीवर ८ असेल तर हातात पाच-साडेपाच. साधा नियम असा की खऱ्या एक एच.पी.मागे तीन ते चार सीएफएम हवा मिळते. दोन एच.पी.च्या यंत्रावर कोणी बारा सीएफएम लिहिले असेल तर समजून घ्या. एच.पी.चीही तीच गत. मोटरच्या पाटीवरचे अँपिअर बघा. २३० व्होल्ट गुणिले ५ अँपिअर म्हणजे साडेअकराशे वॅट. एवढ्यात तीन एच.पी. कशी निघेल? तीन एच.पी. म्हणजे सव्वाबावीसशे वॅट, तेही तोटा सोडून.

आणि आता प्रत्यक्ष प्रमाण. घड्याळ घेऊन जा. आजकाल ते मोबाइलमध्ये असतेच. कॉम्प्रेसर चालू करायला सांगा. काटा ५ किलोवर आला की वेळ सुरू करा, ८ वर आला की थांबवा. टाकी १०० लिटरची असेल तर ३ किलोला ३०० लिटर हवा आत गेली. दीड मिनिट लागले असेल तर मिनिटाला २०० लिटर, म्हणजे सुमारे सात सीएफएम. हवा दाबताना तापते म्हणून हा आकडा किंचित फुगून येतो, पण पाटीपेक्षा तो कितीतरी खरा. जुना कॉम्प्रेसर घेताना तर हे केल्याशिवाय पैसे काढूच नका. मग मोटर बंद करून दहा मिनिटे काटा बघत बसा. काटा उतरत असेल तर हॉब्ज बरोबर होता, पंप गळतो.

तिसरा धडा विजेचा. घरची सिंगल फेज वीज असेल तर दोन एच.पी.पर्यंत साधारण चालते. चालताना दहाएक अँपिअर, पण उठताना त्याच्या कितीतरी पट. व्होल्टेज २३० वरून १८० वर आले तर मोटरची उठण्याची ताकद जवळजवळ चाळीस टक्क्यांनी घटते. वायर जाड हवी, सॉकेट मोठे हवे, अर्थिंग पक्के हवे. कॉम्प्रेसर लांब ठेवायचा असेल तर विजेची एक्स्टेन्शन लांबवू नका, हवेची नळी लांबवा. थ्री फेज स्वस्त पडते म्हणून मळ्यातल्या पंपाच्या जोडणीवर शेड चालवण्याचा मोह होतो. ती वीज ठरावीक तासच असते, आणि शेतीच्या जोडणीवर धंदा करणे नियमात बसत नाही. त्याचा दंड कॉम्प्रेसरहून महाग पडू शकतो.

बिनतेलाचा, थेट मोटरवर बसवलेला कॉम्प्रेसर हलका आणि स्वस्त असतो, पण आवाज फार, आणि तो सतत चालवायचा नसतो. पट्ट्यावर चालणारा, तेलाचा पंप सावकाश फिरतो, जास्त टिकतो, आणि त्याच्या रिंगा, व्हॉल्व्ह नाशिकला मिळतात, गावातला मिस्त्री ते बसवतो. रोजचे काम असेल तर आमचे मत पट्टेवाल्याला. महिन्यातून दोनदा टायर भरायचे असतील तर बिनतेलाचा पुरे.

एक चिठ्ठी आली आहे. लिहिले आहे, "सर, टाकी रोज रिकामी करावी लागते का? आणि जुन्या गॅस सिलिंडरची टाकी करून घेतली तर स्वस्तात पडते, चालेल का?" प्रश्न फार महत्त्वाचा आहे, शांतपणे ऐका.

पावसाळ्यात आपल्याकडे एक घनमीटर हवेत वीसपंचवीस ग्रॅम पाणी वाफेच्या रूपात असते. ती हवा ८ किलोपर्यंत दाबली की त्यातले बहुतेक पाणी टाकीत उतरते. ते तळाशी साचते आणि टाकी आतून गंजते, जिथे आपल्याला दिसत नाही तिथे. म्हणून रोज काम संपल्यावर खालचा कॉक उघडायचा. यात सूट नाही. रंगाच्या गनकडे जाणाऱ्या नळीवर पाणी अडवणारा फिल्टरही हवा, नाहीतर रंगावर फोड येतात.

आता सिलिंडर. आपल्या ५० लिटरच्या टाकीत ८ किलो दाबाला जी शक्ती साठते, ती साठ किलोच्या माणसाला शंभर मीटर उंच उचलायला पुरेल इतकी आहे. टाकी फाटली तर ती सगळी क्षणात बाहेर पडते. म्हणूनच टाक्या तपासताना पाण्याने दाब देतात, हवेने नाही, कारण पाणी दबत नाही आणि शक्ती साठवत नाही. जुन्या सिलिंडरला छिद्रे पाडून, वेल्डिंग करून टाकी करणे म्हणजे घरात न मोजलेला सुरुंग ठेवणे. तेच पीव्हीसीच्या पाइपचे. पाण्याला तो चालतो, पण हवेखाली फुटला तर त्याचे तुकडे सुरीसारखे उडतात. जुन्या टाकीच्या पोटाखाली वेल्डिंगचे ठिगळ दिसले तर सौदा तिथेच सोडा. सेफ्टी व्हॉल्व्ह महिन्यातून एकदा ओढून बघा. गळतो म्हणून तो कधीही बंद करून टाकू नका. आणि हवेची नळी कोणाच्या अंगावर, गमतीतसुद्धा, धरू नका. अशा थट्टेत आपल्या देशात माणसे मेली आहेत.

कारखान्यात यासाठी कायदा आहे. १९४८ च्या फॅक्टरी अ‍ॅक्टचे कलम ३१ दाबाच्या यंत्रांविषयीच होते. पण आपल्या घरच्या शेडमध्ये इन्स्पेक्टर येत नाही. शेडमध्ये स्वातंत्र्य मिळते, तसे इन्स्पेक्टरचे कामही आपल्याच अंगावर येते. रॉयलोसाहेबांनी कारागिराच्या स्वातंत्र्याची बाजू मांडली, त्याची ही दुसरी बाजू आहे. घाटात माणसाची किंमत धरली नव्हती म्हणून घण स्वस्त वाटला. शेडमध्ये आपण आपल्या आणि आपल्या मुलांच्या जिवाची किंमत धरली नाही, तर जुना सिलिंडरही स्वस्तच वाटेल. हिशेब बदलत नाही, फक्त आता तो करणारे आपण आहोत.

तेव्हा मंडळी, आम्ही कुठल्या कंपनीचे नाव सुचवणार नाही. किमती दर हंगामाला बदलतात, कंपन्याही बदलतात. जाताना एवढे लक्षात ठेवा. आधी आपली कामे लिहा आणि हवेशिवाय होणारी त्यातून वगळा. उरलेल्यांना सतत किती हवा लागते ते काढा, आणि तितकी कमाई असलेला पंप बघा. टाकी त्यानंतर. विजेची तयारी आधी तपासा. पाटी वाचा, पण विश्वास घड्याळावर ठेवा. पैसे उरले तर ते चांगल्या नळीवर, फिल्टरवर आणि सेफ्टी व्हॉल्व्हवर घाला. आणि रोज संध्याकाळी खालचा कॉक उघडायला विसरू नका.

वायू प्रत्यक्ष कळतो की अनुमानाने, याचा निकाल आम्ही आज लावला नाही. तो वाद चालू द्या. पण तुम्ही दुकानात काट्याकडे बघत उभे राहाल आणि मिनिटे मोजाल, तेव्हा दोन्ही प्रमाणे तुमच्या हाताशी असतील, आणि फसवणे कुणालाही सोपे जाणार नाही. आणखी चिठ्ठ्या असतील तर पुढे पाठवा.